सगुणकाकांची आज सकाळ

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'आमची माणसं', आणि त्यात आमचा नसलेला एकच माणूस होता, तो म्हणजे सगुणकाका. ना भाऊबंद, ना सोयरे. आमच्या कुंपणापलीकडचे शेजारी. त्यांना ग्रुपात घेतलं कोणी, यावर घरात अजून एकमत नाही. बायको माझ्याकडे बोट दाखवते, मी तिच्याकडे. काकांना विचारलं तर म्हणायचे, "कोणी घेवक नाय मरे. गाडी थांबली, मी चढलंय."

गोव्यातल्या पेडणे-म्हापसा मार्गावरच्या एका निळ्या खासगी बसवर त्यांनी सगळी हयात कंडक्टरकी केली. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बस सुटली, कंडक्टरकी मात्र सुटली नाही. शिटी खिशात तशीच राहिली. त्याच खिशात पुढे लेकीने दिलेला मोबाइल आला. मागचं झाकण निसटू नये म्हणून त्याला रबर बांधलेलं. तिकिटं फाडून फाडून अंगठ्याला जी सवय लागली होती, तिच्यामुळे अंगठा जिभेला लावल्याशिवाय त्यांना व्हिडिओ पुढे सरकवताच येत नसे. स्क्रीन कायम ओलसर. त्यांचा फोन हातात घ्यायचा म्हणजे मी आधी तो शर्टाला पुसत असे, आणि ते मला ऐकू येईलसं म्हणायचे, "साहेब झालो तू."

व्हिडिओ पाठवून झाला की ते शिटी तोंडात धरून दोनदा वाजवत. बसमध्ये एक शिटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. सकाळी साडेसहाला कुंपणापलीकडून दोन शिट्या आल्या की चहाचं आधण ठेवता ठेवता वृंदा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "सुटली काकांची गाडी. बघा, आज कोण बसलाहा तिच्यात."

कोणीही बसलेलं असे. पुरात कौलांवर चढून बसलेलं कुटुंब. कुठल्याशा देशात पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याशी उभी राहून आईला हाका मारणारी मुलगी. रक्त हवं असलेला कोणी, चाकांची खुर्ची हवी असलेला कोणी. आमचे बाकीचे नातेवाईक सकाळी गुलाबाची फुलं आणि उगवता सूर्य पाठवत, आणि त्यांच्या मधोमध काकांची ती गाडी येऊन उभी राही. मुंबईच्या आत्तेला चहाबरोबर हे सोसवेना. तिने लिहिलं, 'सकाळी सकाळी असलं काही नको.' काकांना टाइप करता येत नसे, त्यांनी बोलून पाठवलं, "आत्ये, तेंचीय सकाळच आसा गो."

 आत्तेची फुलं त्यानंतर दोन दिवस बंद होती.

भरलेल्या बसमध्ये दारात लोंबकळणाऱ्यालाही आत घेताना काका ओरडत, "सरा सरा, आणखी एक मावता!" हे वाक्य त्यांनी बसमधून उतरताना बरोबर आणलं होतं. मी कधी वैतागून म्हणालो, की काका, रोज इतक्या लोकांचं दुःख बघून आपण करणार काय, की हेच उत्तर. "सर जरा. आणखी एक मावता." मी सरत असे. निदान खुर्चीवर तरी.

जगाचा नकाशा त्यांच्या डोक्यात स्टॉपांनी आखलेला होता. व्हिडिओतलं गाव कुठलं, हे ते मला विचारत. मी सांगितलं, की समुद्रापलीकडे, विमानाने जायला दिवस लागतो, तर मान हलवून म्हणत, "म्हणजे शेवटचो स्टॉप." आमच्या गावच्या, म्हणजे तुयेच्या, स्टॉपवर सकाळी जाऊन बसायचं हा त्यांचा नेम. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना ते तिथे हाताने फॉरवर्ड करत. हरमलहून मासे घेऊन येणारी पारू टोपली खाली ठेवायच्या आत तिच्या डोळ्यांसमोर फोन धरलेला असे. ती बघायची, डोळे पुसायची आणि शिव्या घालायची. "ह्या सगुणान माझो अर्धो बाजार रडान घालवलो!" दुसऱ्या दिवशी येताच स्वतःच विचारायची, "त्या चेडवाची आई सापडली काय रे?"

एकदा त्यांना व्हिडिओ आला, की दोडामार्गाच्या बाजूला नदी गावात शिरली आहे, माणसं कुडकुडताहेत. दुपारपर्यंत काकांनी वाडीतल्या प्रत्येक घरातून पांघरुणं काढली. आमच्या लग्नातली सोलापुरी चादरही गेली. मी कामावर होतो आणि वृंदाला त्यांनी व्हिडिओ दाखवला होता, त्यामुळे तिचाही इलाज नव्हता. जुन्या ओळखीच्या ड्रायव्हरची बस, तीत पांघरुणं आणि पोदेराच्या भट्टीतून उचललेले दोन पोती उंडे पाव, असा सगळा लवाजमा दोडामार्गाला पोचला. तिथे कडक ऊन. नदी आपल्या जागी. लोकांनी चौकशी केली, चहा पाजला आणि सांगितलं, की हा व्हिडिओ जुना, आणि तो इथला तर नव्हेच.

दुसरा कोणी असता तर तोंड लपवून परतला असता. काकांनी बस परस्पर तुयेच्या औद्योगिक वसाहतीमागे नेली. तिथे पत्र्याच्या खोल्यांत बाहेरगावचे मजूर राहतात. पांघरुणं आणि उंडे तिथे वाटून ते संध्याकाळी आमच्याकडे आले. मी चादरीच्या दुःखात होतो. म्हणालो, "काका, व्हिडिओ खोटा निघाला ना?"

"व्हिडिओ खोटो. थंडी खरी आसा मरे," ते म्हणाले. "फक्त स्टॉप चुकलो."

त्यानंतर कोणाचाही व्हिडिओ आला की ते पहिल्यांदा विचारत, "ह्यो कधीचो?" दुसऱ्याच्या व्हिडिओला ते हा प्रश्न न चुकता विचारत. स्वतःच्या व्हिडिओला विचारायचा राहिला, आणि दाजींचं सगळं त्यातून झालं.

दाजी काकांना स्टॉपवर भेटले. एक म्हातारा गृहस्थ सकाळपासून बाकावर बसलेला, हातात छत्री, पिशवीत एक नारळ. एक बस गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, तरी हा चढेना. काकांनी विचारलं, "खंय जावचा?"

"घरी."

"घर खंय?"

दाजींनी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "आहे इथेच कुठेतरी."

काका मला नंतर सांगत होते, "इतकी वर्सां कंडक्टरकी केली. तिकीट नसलेलो बघलो, पैसे नसलेलो बघलो. उतरूचा खंय ताच ठावक नाय, असो पॅसेंजर पयलोच."

त्यांनी दाजींना चहा पाजला, चौकीत कळवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः व्हिडिओ काढला. जाहीर बोलताना ते नेहमी पुस्तकी मराठीत शिरत, तसे शिरले. "नमस्कार. आज सकाळी तुयेच्या स्टॉपवर हे आजोबा सापडले आहेत. कोणी ओळखत असल्यास त्वरित कळवावे." मग आवाज खाली आणून, "आजोबा, नाव सांगा तुमचं." त्यावर दाजी कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे म्हणतात, "घरी विचार." मिनिटभराचा व्हिडिओ. मागे बसचा हॉर्न आणि कोणाचा तरी कोंबडा.

काकांनी तो ग्रुपवर टाकला आणि दोन शिट्या वाजवल्या.

आता माझा भाग सांगायला हवा. तो मी फारसा कोणाला सांगत नाही. तुयेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी नोकरीला आहे, आणि घरातला मोबाइलमधला जाणकार म्हणून माझी उगीचच ख्याती आहे. त्या व्हिडिओतला हॉर्न आणि कोंबडा मला रसभंग करणारे वाटले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर रडवं व्हायोलिन चढवलं, वर मोठ्या अक्षरांत 'माणुसकी अजून जिवंत आहे' असं लिहिलं, आणि खाली, अगदी बारीक अक्षरांत, माझं नाव टाकलं. काकांचं टाकायचं सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण जागा नव्हती.

तो व्हिडिओ जो सुटला! तासाभरात साखळी गावच्या बाजारात कोणीतरी तो दाजींच्या सुनेला, सुमित्राला, दाखवला. दुपारी मुलगा येऊन दाजींना घेऊन गेला. सकाळी त्याच्याबरोबर म्हापशाला लग्नाला गेले असताना गर्दीत चुकामूक झाली आणि दाजी भलत्याच बसमध्ये चढले, इतकंच झालं होतं. दाजी माणसांची नावं विसरत, पण साखळीचे रस्ते त्यांच्या पायांना पाठ होते. रोज सकाळी वाळवंटी नदीच्या काठाने देवळापर्यंत जायचं, बाजारातून एक फेरी मारायची, घरी यायचं. हे त्यांचं वर्षानुवर्षांचं फिरणं.

आठ दिवस ग्रुपवर अभिनंदनं चालली. मी 'माझं काही नाही, सगळं काकांचं' असं लिहीत होतो आणि आणखी कोणी लिहितंय का ते बघत होतो.

नवव्या दिवशी काका स्टॉपवर बसले होते. एक टॅक्सी येऊन थांबली. भल्या मनाच्या त्या टॅक्सीवाल्याने मागचं दार उघडलं आणि हाताला धरून दाजींना खाली उतरवलं. साखळीच्या पुलावर त्याला हे एकटे चालताना दिसले होते. सकाळीच व्हिडिओ पाहिलेला, व्हिडिओत तुयेचा स्टॉप. बिचारा पदरचं पेट्रोल जाळून त्यांना तुयेच्या स्टॉपवर पोचवायला आला होता.

"ह्यो परत इलो!" काका ओरडले.

दाजींनी त्यांना ओळखलं नाही. बाकावर बसले आणि म्हणाले, "इथे चहा बरा मिळतो."

मग हे सुरूच झालं. दाजी घराबाहेर पडले की कोणीतरी माणुसकीने त्यांना धरी. कोणी चौकीत नेई, कोणी डिचोलीच्या दवाखान्यात. एका कॉलेजच्या पोरीने त्यांना धरून ठेवून नवा व्हिडिओ काढला, त्यात दाजी म्हणतात, "मला सोडा, देऊळ बंद होईल," आणि खाली लोकांनी रडणारे चेहरे टाकलेले.

एके दिवशी सुमित्राचा काकांना फोन आला. मी शेजारीच होतो. बाई भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण मी शाळेत पोरांचं जेवण शिजवायला जाते. अर्धा भात टाकून चौकीत जायची ही सहावी खेप. आता मी निघताना बाहेरून कडी घालते."

"आणि दाजी?"

"जनेलाकडे बसून बाहेर बघत असतात. दोन दिवस जेवले नाहीत. मला विचारतात, मी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वृंदा चहा गाळता गाळता थांबली. "गाडी सुटूक नाय," ती म्हणाली. चौथ्या दिवशी काका फोन हातात धरून आमच्या पायरीवर येऊन बसले.

"एक शिटी मारली की गाडी थांबता," ते म्हणाले. "हेच्यात एक शिटी खंय आसा, ता माका दाखय."

मी जाणकाराच्या आवाजात समजावलं, की आपण आपला पुसू शकतो, पण लोकांच्या फोनात गेलेला कसा पुसणार? काकांनी 'सापडले' असा नवा व्हिडिओ काढायला लावला. काढला. आत्तेने अंगठा दाखवला, पुण्याच्या भाच्याने हात जोडले, आणि गाडी तिथेच बंद पडली. दाजींच्या हरवण्याने सगळा गोवा पालथा घातला होता. त्यांचं सापडणं आमच्या घराण्याबाहेर गेलंच नाही.

मग काका म्हणाले, "पयलो लाव बघू." मी व्हायोलिनवाला लावला. त्यांनी फोन कानाशी धरला, दोनदा ऐकला आणि मान खाली घातली.

"चूक माझी. बसमध्ये मी 'म्हापसा, म्हापसा' आरडलंय, तर ता त्या खेपेपुरता. दुसऱ्या खेपेक परत आरडूचा लागता. हंय मी 'आज सकाळी' म्हटलंय, आणि ती सकाळ संपूकच नाय. जो बघता, तेका आजचीच वाटता." मग म्हणाले, "आणि मीच दुसऱ्यांका विचारी, कधीचो म्हणान."

मी व्हायोलिनबद्दल काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

त्या रविवारी आम्ही दोघे साखळीला गेलो. मी कारखान्यातून नाडा लावून गळ्यात घालायचं प्लॅस्टिकचं एक कार्ड करून आणलं होतं: 'मी हरवलेलो नाही. घरीच राहतो.' दाजींनी चष्मा लावून ते नीट वाचलं, नाडा बघितला, आणि उठून सगुणकाकांच्या गळ्यात घातलं. "तुम्हाला बरं दिसतं," म्हणाले. सुमित्रा पदर तोंडाला लावून आत पळाली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण आतून खोकल्यासारखा आवाज येत होता.

काकांनी कार्ड काढलं नाही. तसंच गळ्यात ठेवून त्यांनी दाजींचा हात धरला आणि दोघे बसस्टँडवर गेले. मागोमाग मी. पणजीच्या, डिचोलीच्या, वाळपईच्या गाड्या लागल्या होत्या. काका मधोमध उभे राहिले, शिटी तोंडाला लावली आणि एकदाच, लांबलचक वाजवली. सुटायला आलेल्या दोन गाड्यांनी खरोखर ब्रेक मारले. कंडक्टर दारांतून डोकावले.

"अरे, ह्यांका बघून ठेवा," काका दाजींना पुढे करून म्हणाले. "ह्ये हरवलेले नाय. ह्ये फिरतत."

एका पोरगेल्या कंडक्टरने विचारलं, "आणि तुम्ही कोण, काका?" कारण हरवलेलो नाही असं कार्ड काकांच्याच गळ्यात होतं. स्टँडभर हशा पिकला. काकाही हसले, पण म्हणाले, "हस. आणि हसून झाला की गाडीत सांग."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, सगुणकाका तीन बसगाड्या बदलून साखळीला जाऊ लागले. दुखऱ्या गुडघ्यांनी दाजींबरोबर नदीकाठाने चालायचे, मग बाजारात दुकान दुकान थांबून ओळख करून द्यायचे, मग स्टँडवर जाऊन एक शिटी. कंडक्टर लोकांना हा खेळच झाला. गाडी सुटताना 'साखळी, साखळी' करता करता मध्येच कोणी ओरडे, "दाजी फिरतत, धरू नका!" उतारू हसत, विचारत, आणि घरी जाऊन सांगत. व्हिडिओ एका दिवसात जिथे पोचला होता, तिथे काका दोन-अडीच महिन्यांत पायी पोचले. सगळीकडे नाही. साखळीपुरते पोचले.

एक दिवस सुमित्राचा फोन आला. "काका, आज कडी घातली नाही. दाजी गेले आणि आले. कोणी धरलं नाही." मग हसून म्हणाली, "भाजीवालीने फक्त विचारलं, दाजी, घरी? तर म्हणाले, हो, घरीच."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला कुंपणापलीकडून दोन शिट्या आल्या. वृंदा म्हणाली, "सुटली." व्हिडिओ होता कुठल्याशा भूकंपाचा. सुरुवातीला काकांचा आवाज, पुस्तकी मराठीत: वार, तारीख, फोन लावून खात्री केली आहे. मग मूळ व्हिडिओ. शेवटी, "आठ दिवसांनी पुन्हा कळवू." आणि आठ दिवसांनी ते खरंच कळवत. सापडले, मिळालं, बरं आहे, किंवा नाही वाचला. ही त्यांची परतीची खेप. पुढे पुढे आत्तेही या परतीच्या खेपेची वाट बघू लागली.

दाजी दीड वर्षाने गेले, स्वतःच्या खाटेवर. सुमित्राने नातेवाइकांच्याही आधी काकांना कळवलं. त्यानंतरच्या गणेश चवथीला काका आरतीला आले नाहीत म्हणून मी बघायला गेलो. ते खुर्चीत होते, मान कलंडलेली, फोन छातीवर, रबर नीट बांधलेलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. शिटी त्यांच्या लेकीने नेली.

त्याला आता दोन वर्षं होतील. परवा नाशिकच्या एका मेहुण्याने मला व्हिडिओ पाठवला. 'अर्जंट. तुमच्याच भागातले दिसतात. कृपया पुढे पाठवा.' वर मोठी अक्षरं, माणुसकी जिवंत आहे. खाली बारीक अक्षरांत मी. आणि ते व्हायोलिन.

मी फोन कानाशी घट्ट धरला. माझ्या व्हायोलिनखाली दबलेला तो आवाज मग हळूहळू सुटा झाला. "नमस्कार. आज सकाळी तुयेच्या स्टॉपवर..." दाजी बाकावर, छत्री घेऊन. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. इतक्या वेळा तो व्हिडिओ बघून, त्याला सजवून, मला कधी दिसलं नव्हतं ते आता दिसलं. 'घरी विचार' म्हणून दाजी थांबतात, तेव्हा कडेने एक हात चित्रात येतो. अंगठा जरा ओलसर. तो हात दाजींचं वरचं बटण काढतो, योग्य काजात घालतो, छातीवर एकदा थोपटतो आणि निघून जातो.

मी मेहुण्याला लिहिलं, 'सापडले. घरी पोचले. व्हिडिओ जुना आहे, पुढे पाठवू नये. ज्यांनी काढला त्यांचं नाव सगुणकाका.'

पाठवलं, आणि पुसायच्या आधी एकदा परत लावला.